टेपवरची अमानत

खानदेशातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक डबा असतो. त्यात निकाहनाम्याची प्रत, जुने पासपोर्ट, परदेशातून आलेल्या पत्रांचे लिफाफे असतात, आणि तळाशी काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या कॅसेट. वीसेक वर्षांपूर्वी घरातला कोणी सौदी, कुवेत किंवा दुबईहून सुट्टीवर आला की सोबत हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा आणायचा. ‘हँडीकॅम’ हे सोनी कंपनीने आपल्या कॅमेऱ्याला दिलेले नाव, पण आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा कॅमेरा हँडीकॅमच झाला. त्यात बसणारी ही कॅसेट म्हणजे ‘मिनी डीव्ही’. लग्न, अकीका, ईद, हजला निघालेल्या बुजुर्गांची रवानगी, सगळे तिच्यावर उतरले. पुढे कॅमेरा बिघडला किंवा पाहण्याची सोय राहिली नाही, आणि कॅसेट डब्यात गेल्या.

आमच्या घरी अशा अकरा कॅसेट निघाल्या. आम्ही जळगावचे, आजोळ धुळ्याचे. बडे मामू कुवेतला नोकरीला होते. मे २००४ मध्ये त्यांच्या मुलीच्या निकाहसाठी ते सुट्टी घेऊन आले तेव्हा कॅमेरा त्यांच्यासोबत आला. बारात जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेली, त्या प्रवासापासून रुखसतीपर्यंतचे सगळे त्या कॅसेटांत आहे. आमच्या नानीजानचा, मरहूम नानीजानचा, आवाजही त्यांतच आहे. त्या २००९ मध्ये गेल्या. त्यांचे फोटो चार-पाच आहेत, पण आवाज दुसरीकडे कुठेच नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही या अकराही कॅसेट घरच्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि त्यांतून एक तासाची फिल्म तयार केली. हे काम कसे करतात हे सांगावे, आणि ते करताना घरात जे प्रश्न उभे राहिले तेही सांगावे, म्हणून हा लेख.

व्हिडिओ कापून जोडणे हे मुंबईच्या स्टुडिओचे काम, असे आपल्या भागातल्या माणसाला वाटायचे कारण नाही. धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटर गेले की मालेगाव लागते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि त्याचे संकलन केले दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून. एकात टेप चालवायची, दुसऱ्यात हवा तेवढाच भाग उतरवायचा, नको तिथे पॉजचे बटण दाबायचे. त्यात काम करणारे बरेचसे यंत्रमागावरचे कामगार. पुढे त्यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. आमच्या मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, “अम्मी, ते दोन व्हीसीआरवर करत होते, मग आपल्याकडे तर कॉम्प्युटर आहे.” अकरा कॅसेट डब्यातून बाहेर आल्या त्या या वाक्यामुळे.

व्हीसीआरच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. टेपवरून टेप उतरवली की चित्र थोडे फिके पडायचे, तिची पुन्हा नक्कल केली की आणखी फिके. डीव्हीचे तसे नाही. १९९५ साली आलेल्या या पद्धतीत चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात टेपवर लिहिलेले असतात. तेच आकडे जसेच्या तसे तारेतून संगणकात येतात, म्हणून नक्कल मूळ कॅसेटइतकीच चांगली असते. मात्र त्यासाठी योग्य तार लागते. या कॅमेऱ्यांना बहुधा यूएसबीचे तोंडही असते, पण ते मुख्यतः फोटो काढून घेण्यासाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी दिलेले असते. पूर्ण दर्जाचा व्हिडिओ ‘फायरवायर’ या तारेतून येतो. कॅमेऱ्यावर तिचे तोंड चार पिनांचे, अगदी छोटे असते, आणि त्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ असे लिहिलेले असते.

आजच्या लॅपटॉपला हे तोंड नसते. आमच्याकडे जुना डेस्कटॉप संगणक होता, विंडोज एक्सपीवर चालणारा. भाईजाननी गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन दुकाने फिरून त्यात बसणारे जुने फायरवायर कार्ड आणि तार मिळवली. कॅमेरा बडे मामूंनी जपून ठेवला होता. बॅटरी मेलेली, पण थेट विजेवर तो चालत होता. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी नातेवाइकांत विचारावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कॅसेट वाचवण्यासाठी काहीजण ‘एलपी’वर चित्रीकरण करत, म्हणजे साठ मिनिटांच्या टेपवर नव्वद मिनिटे बसवत. अशी टेप दुसऱ्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा नीट चालत नाही. ती ज्या कॅमेऱ्यावर भरली त्याच कॅमेऱ्याने वाचलेली बरी.

कॅसेट लावण्याआधी तिच्या कडेची छोटी खिटी ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून त्यावर नवे काही भरले जाणार नाही. वर्षानुवर्षे पडून असलेली टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी, त्याने तिचा ताण सारखा होतो. आम्ही ‘विनडीव्ही’ नावाचा छोटासा मोफत प्रोग्राम वापरला. त्याचे बटण दाबले की कॅमेऱ्यात टेप चालू लागते आणि संगणकात फाइल भरू लागते.

इथे एक गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागली. फोनवरचा व्हिडिओ एका सेकंदात इकडून तिकडे जातो, टेपचा जात नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटेच लागतात. त्यात घाई करण्याची सोय नाही. एका तासाच्या टेपची फाइल सुमारे १३ जीबीची होते, म्हणून अकरा कॅसेटांसाठी दीडशे जीबीच्या आसपास जागा लागली. त्यासाठी बाहेरून जोडण्याची एक टीबीची हार्ड डिस्क घेतली. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो आधी ‘एनटीएफएस’ पद्धतीने तयार करून घ्यावा लागतो.

तेव्हा रोज असरनंतर एक कॅसेट, असा आमचा क्रम ठरला. कामासाठी बसलो होतो, पण घर भरू लागले. पहिल्या दिवशी आम्ही तिघे होतो, चौथ्या दिवशी नऊ. डीव्ही टेपवर चित्राबरोबर तारीख आणि वेळही लिहिली जाते. पडद्यावर दिसली नाही तरी ती आत असते. निकाह जोहरनंतर झाला हे सगळ्यांना पक्के आठवत होते, पण टेपवर वेळ होती ११ वाजून ४० मिनिटे. थोडा वाद झाला. मग बडे मामूंना आठवले की कॅमेऱ्याचे घड्याळ कुवेतच्या वेळेवर होते. अडीच तास मिळवले, दोन वाजून दहा मिनिटे झाली, आणि सगळे हसले.

सातव्या कॅसेटमध्ये चित्रावर चौकोनी ठिकऱ्या दिसू लागल्या आणि आवाज तुटू लागला. टेप वाचणाऱ्या हेडवर धूळ साचली की असे होते. मे महिन्यातल्या धुळ्यात काढलेले चित्रीकरण, नंतरची वीस वर्षे डब्यात, धूळ असणारच. हेड साफ करण्याची कोरडी कॅसेट मिळते, ती काही सेकंद चालवली आणि तोच भाग पुन्हा लावला. चार मिनिटांपैकी दोन ठिकाणचे तुकडे सोडून बाकी सगळे स्वच्छ आले. त्या चार मिनिटांत नानीजान होत्या.

त्या अंगणात खाटेवर बसल्या आहेत. कोणाला तरी उर्दूत सांगतात की मेहमानांना आधी पाणी द्या. दारात भाजीवाली आली आहे, तिच्याशी मराठीत दर ठरवतात. तेवढ्यात भांडी घेऊन आलेला खेड्यातला पोऱ्या निघू लागतो, तर त्याला अहिराणीत हाक मारतात, “कथा चालना भो? जेवाले बस.” चार मिनिटांत तीन भाषा, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना आवाजही बदलत नाही. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही भाषांच्या वह्या वेगळ्या, तास वेगळे. नानीजान शाळेत फारशा गेल्या नव्हत्या आणि त्यांच्याकडे असे वेगळे तास नव्हते. आमच्या मुलीला अहिराणी कळत नाही. तिने ते वाक्य तीनदा मागे घेऊन ऐकले आणि अर्थ विचारला.

आता प्रश्नांकडे येऊ. अकरांपैकी तीन कॅसेट बायकांच्या होत्या, मेहंदी आणि हळदीच्या रात्रीच्या. त्या काढल्या होत्या मुमानींनी, आणि त्या खोलीत पुरुष नव्हता. कॅसेटवरून फाइल करून देणारी दुकाने आजही आहेत, आणि साध्या कॅसेट तिथे द्यायला हरकत नाही. पण या तीन कॅसेट परक्या हातात द्यायच्या नाहीत हे आम्हा बायकांचे आधीपासून ठरलेले होते. घरच्या संगणकावर काम करण्याचे हे आमचे पहिले कारण. या तीन कॅसेट उतरवताना आम्ही आणि मुलगी दोघीच बसलो. मुलीचे अब्बा आणि भाईजान स्वतःहून बाहेर गेले.

तरी मुमानींनी एक गोष्ट विचारली आणि आम्ही सगळ्या थांबलो. त्या म्हणाल्या, “तेव्हा सगळ्या बसल्या, कारण कॅसेट एकच होती आणि ती माझ्या कपाटात राहणार होती. आता ही फाइल झाली. एक बटण दाबलं की कुठेही जाईल. तेव्हा दिलेली इजाजत आजही आहे असं कसं समजायचं?” दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून परवानगी घ्यावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. कोणाच्या वीस वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यापर्यंत जाणे हेही एक दारच आहे.

आम्ही टेप पाहत यादी केली. तेवीस बायका आणि मुली ओळखू आल्या. सहा जणी अल्लाहच्या रहमतीत गेल्या आहेत. बाकीच्या सतरा जणींना आठवडाभरात फोन केले, भुसावळपासून सुरतपर्यंत. अकरा जणी हसत हसत हो म्हणाल्या, पण फक्त बायकांनी पाहावे या अटीवर. चार जणींनी आपली दृश्ये काढायला सांगितली आणि कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. दोघींनी आधी पाहू दे मग सांगते म्हटले. मरहूम बायकांच्या बाबतीत त्यांच्या मुलींना विचारले. मग मुलीने त्या तीन कॅसेटांची वेगळी, वीस मिनिटांची फिल्म केली. ती कोणाच्या फोनवर पाठवलेली नाही. एका पेन ड्राइव्हवर आहे आणि तो मुमानींच्या कपाटात आहे. ज्यांना पाहायची त्या मुमानींच्या घरी येतात. अशाने चहाचा खर्च वाढला आहे, असे मुमानी म्हणतात.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. धुळ्याच्या घराच्या वाटणीवरून सहा वर्षांपासून छोटे मामू आणि बाकीच्या भावंडांत बोलणे नाही. फिल्मचे काम चालू असताना घरातल्या तरुण मंडळींपैकी एकाने सुचवले की छोट्या मामूंची दृश्ये काढून टाकावीत, उगाच सगळ्यांची मने दुखायला नकोत. हे करणे आता फार सोपे आहे. ‘शॉटकट’ हा मोफत प्रोग्राम आम्ही लॅपटॉपवर घेतला होता. त्यात चित्रांची एक लांब पट्टी दिसते, नको त्या भागाच्या दोन्ही टोकांवर खूण करायची आणि बटण दाबायचे. मागे-पुढे पट्टी जुळून येते आणि पाहणाऱ्याला कळतही नाही की इथे कोणी होते.

आम्ही मशवरा करायचे ठरवले. कॅमेरा बडे मामूंचा, मुलगी त्यांची, आणि वादातही तेच पुढे. त्यांना तो भाग लावून दाखवला. पडद्यावर छोटे मामू घामाने भिजलेले, बाह्या वर केलेल्या, दोघा पोरांच्या मदतीने देग उचलून आणत आहेत. मग रांगेने प्रत्येकाच्या ताटात वाढत आहेत आणि स्वतः कुठेच बसलेले दिसत नाहीत. बडे मामू शेवटपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, “इसको काट दिया तो दस्तरखान पे परोसा किसने?” आणि उठून नमाजला गेले. दृश्य राहिले.

आम्हाला वाटते, घरच्या फिल्मचा हा एक नियम होऊ शकतो. एखाद्याने स्वतः सांगितले की मला काढा, तर विनातक्रार काढावे, तो त्याचा हक्क आहे. कोणाचा ऐब, कोणाची फजिती दिसत असेल तर ती झाकावी. पण आजच्या भांडणासाठी कालच्या दिवसातून माणूस पुसू नये. त्या दिवशी तो तिथे होता आणि काम करत होता, ही साक्ष आहे.

फिल्म तयार झाल्यावर तिची प्रत छोट्या मामूंनाही पाठवली, इतरांना पाठवली तशीच. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. घराबद्दल ते काही बोलले नाहीत. विचारले, “बेटा, अम्मांचा आवाज तेवढा वेगळा काढून देता येईल का? फोनमध्ये ठेवतो.” आवाज वेगळा काढणे दोन मिनिटांचे काम आहे. तो पाठवला. वाटणीचा वाद अजून तसाच आहे. पण त्यानंतर ईदला बडे मामूंना त्यांचा सलाम आला, आणि बडे मामूंनी जवाब दिला.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या आणखी चार गोष्टी. एक, जुने चित्र चार बाय तीन आकाराचे असते. टीव्हीचा रुंद पडदा भरावा म्हणून ते ताणू नये, चेहरे फुगतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. दोन, हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर टेप खराब आहे असे समजू नये. हे कॅमेरे सेकंदाला पन्नास अर्धी-अर्धी चित्रे घेत. प्रोग्राममध्ये ‘डी-इंटरलेस’ हा पर्याय निवडला की रेघा जातात. तीन, मूळ आवाजावर गाणे चढवू नये. लग्नाच्या कॅसेटांवर पूर्वी सर्रास सिनेमाची गाणी चढवत, आणि त्याखाली दुआ, हसणे, रुखसतीचे रडणे सगळे बुडून जायचे. आज ते कितीही शोधले तरी मिळत नाही. चार, पाहण्यासाठी लहान ‘एमपी फोर’ फाइल करावी, पण मोठ्या मूळ फाइली पुसू नयेत. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. आमची एक जळगावला आहे, एक धुळ्याला. कॅसेटही फेकलेल्या नाहीत. आता त्या थंड, कोरड्या जागी उभ्या ठेवल्या आहेत, खानदेशच्या उन्हाळ्यात जेवढी थंड जागा मिळते तेवढी.

आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. टेपचे आयुष्य संपण्याआधी ती वाचणारे कॅमेरे संपत चालले आहेत. फायरवायरचे कार्ड आज दोन दुकाने फिरून मिळते, उद्या दहा फिरूनही मिळणार नाही. त्याहून मोठे कारण माणसांचे आहे. टेपवर दिसणाऱ्या गर्दीत कोण कोण आहे हे सांगू शकणारी बुजुर्ग मंडळी अजून आपल्यात आहेत. आमच्या यादीतली तेवीसपैकी नऊ नावे एकट्या मुमानींनी ओळखली. त्यांच्या शेजारी बसून कॅसेट लावा, नावे कागदावर लिहून घ्या, आणि ज्यांची नावे लिहिली त्यांना फोन करून विचारा. जे गेले त्यांच्यासाठी दुआ आपोआपच होते.